भविष्याची निगेटिव्ह

'स्टार ट्रेक'च्या जुन्या मालिका ओळीने पाहायला बसलात, तर एक विचित्र गोष्ट लक्षात येते. १९६६ सालची मूळ मालिका लख्ख दिसते. कर्कच्या पिवळ्या शर्टाचं विणकामही मोजता येईल इतकी. १९८७ साली सुरू झालेली 'द नेक्स्ट जनरेशन' तशीच धारदार. मग १९९३ची 'डीप स्पेस नाइन' लावली, की वाटतं आपलं नेटवर्क गेलं. चेहरे मऊ, कडा विरघळलेल्या, अंधारात नुसती चिखलासारखी काळपट हालचाल. १९९५ची 'व्हॉयेजर' तशीच. आणि २००१च्या 'एंटरप्राइझ'मध्ये पुन्हा सगळं स्वच्छ.

म्हणजे तिशी ओलांडलेली मालिका पन्नाशी ओलांडलेल्या मालिकेपेक्षा जुनाट दिसते. मध्ये एक आठ वर्षांचा खड्डा आहे आणि त्या खड्ड्यात 'डीप स्पेस नाइन'चे १७६ आणि 'व्हॉयेजर'चे १७२ असे जवळपास साडेतीनशे भाग पडलेले आहेत.

हा खड्डा का पडला, हे समजून घेतलं की जुन्या मालिकांच्या एचडी रीमास्टरबद्दल चाहते एवढ्या तावातावाने का भांडतात, तेही कळतं. आणि हेही कळतं, की हे भांडण पिक्सेलचं नाही.

फिल्म, टेप आणि बिल्ड

मूळ 'स्टार ट्रेक' ३५ मिमी फिल्मवर चित्रित झाली, फिल्मवरच कापली-जोडली गेली, आणि तिचे स्पेशल इफेक्ट्सही फिल्मवरच झाले. टीव्हीवर दिसली ती कमी रेषांची प्रतिमा; पण मूळ ऐवज पूर्ण तपशिलासह डब्यात बंद होता. ३५ मिमी फिल्ममध्ये एचडीला पुरून उरेल इतका तपशील असतो. त्यामुळे पुढे ती निगेटिव्ह स्कॅन करणं, साफ करणं एवढंच काम उरलं.

'नेक्स्ट जनरेशन'च्या वेळी वेळ आणि पैसा वाचवण्यासाठी वेगळी पद्धत होती. चित्रीकरण ३५ मिमी फिल्मवरच. पण ती फिल्म लगेच व्हिडिओ टेपवर उतरवायची आणि पुढचं सगळं, म्हणजे संकलन, इफेक्ट्स, रंग, टेपवरच करायचं. अमेरिकन टीव्हीच्या ४८० रेषांसाठी ते पुरेसं होतं. याचा परिणाम असा, की पूर्ण झालेला भाग फिल्मवर कधी अस्तित्वातच नव्हता. डब्यांत होते ते फक्त सुटे शॉट.

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या कुणालाही ही परिस्थिती ओळखीची वाटेल. फिल्मची निगेटिव्ह म्हणजे सोर्स कोड. प्रसारित झालेली टेप म्हणजे त्यातून तयार केलेलं बिल्ड. बिल्ड चालतं, लोक वापरतात, सगळे खूश असतात. वीस वर्षांनी कुणी तरी म्हणतं, हेच नव्या मशीनवर चालवून दाखवा. तेव्हा शोधाशोध सुरू होते: सोर्स कुठे आहे? कोणत्या क्रमाने जोडला होता? बाहेरून आणलेले भाग कुठून आणले होते? आणि ज्यांना हे माहीत होतं ते लोक आता कुठे आहेत?

'नेक्स्ट जनरेशन'साठी ही शोधाशोध खरोखर झाली. पंचवीस हजारांहून जास्त रिळं बाहेर काढली गेली. प्रत्येक भागातला प्रत्येक शॉट त्यात शोधायचा, स्कॅन करायचा आणि जुन्या टेपशी पडताळत पुन्हा त्याच जागी जोडायचा. 'एंटरप्राइझ' जहाजाच्या मॉडेलचं चित्रीकरण वेगवेगळ्या फेऱ्यांत केलेलं असे: एका फेरीत जहाजाचा पृष्ठभाग, दुसरीत खिडक्यांचे दिवे, तिसरीत नुसती बाह्यरेषा. या सगळ्या फेऱ्या पुन्हा एकमेकींवर बसवाव्या लागल्या. फेझरच्या किरणांसारख्या गोष्टी मुळात टेपवरच जन्मल्या होत्या, त्या नव्याने करणं भाग होतं. काही सेकंदांचे शॉट सापडलेच नाहीत. तिथे जुन्या टेपवरून मोठी केलेली प्रतिमा वापरली आहे. लक्ष देऊन पाहिलं तर मध्येच चित्र अंधूक होतं आणि परत सावरतं. जुलै २०१२मध्ये पहिला सीझन ब्लू-रेवर आला, डिसेंबर २०१४मध्ये सातवा. मालिकेच्या मूळ टीममधले माइक आणि डेनिस ओकुडा सल्लागार म्हणून सोबत होते.

नीट दिसल्यावर काय दिसतं?

इथे चाहत्यांचं पहिलं भांडण सुरू होतं. नीट दिसल्यामुळे काय मिळालं?

मिळाली ती आधी गंमत. एंटरप्राइझच्या पुलावरचे चकचकीत डिस्प्ले दिव्यांमुळे चकाकू नयेत म्हणून त्यांवर काळे कागद लावलेले दिसतात. ४८० रेषांत ते कुणाला दिसणार नाहीत, असा हिशेब होता आणि तो बरोबरच होता. मारामारीत पिकार्डऐवजी भलताच माणूस कोलांटी मारताना दिसतो. इंजिन रूममधल्या जहाजाच्या आराखड्यात ओकुडांनी गंमत म्हणून घुसवलेलं बदक आणि उंदीरही आता सापडतात. काहींना हे आवडतं, काहींचा भ्रम तुटतो.

पण या गमतींवर थांबलं तर रीमास्टरचं मूल्यमापन म्हणजे चुका शोधण्याचा खेळ होऊन बसतो. मला त्याहून मोठी गोष्ट दिसते ती 'द मेझर ऑफ अ मॅन' या १९८९च्या भागात. डेटा हा अँड्रॉइड. त्याला उघडून, तपासून त्याच्यासारखे आणखी बनवायचे, असा एका शास्त्रज्ञाचा बेत असतो. प्रश्न न्यायालयात जातो: डेटा ही व्यक्ती आहे की स्टारफ्लीटची मालमत्ता? डेटाच्या विरुद्ध बाजू मांडण्याची सक्ती होते त्याचाच मित्र रायकरवर. रायकर एकटा बसून डेटाचे आराखडे चाळत असतो. त्याला काही तरी सापडतं. त्याच्या चेहऱ्यावर खटला जिंकल्याचं हसू येतं, आणि पुढच्याच क्षणी आपण काय जिंकतो आहोत हे कळून ते हसू उतरतं.

या जागी एकही संवाद नाही. जॉनथन फ्रेक्सचा चेहरा, एवढंच. जुन्या टेपवर हे हसू दिसायचं. त्याचं उतरणं बरंचसं अंदाजाने समजून घ्यावं लागायचं. एचडीत डोळ्यांभोवतीचे स्नायू सैल पडताना दिसतात. याच भागाची वाढीव आवृत्तीही ब्लू-रेवर आली, कारण प्रसारणाची वेळ पाळण्यासाठी कापलेल्या प्रसंगांच्या निगेटिव्ह सुटे शॉट म्हणून डब्यांत शाबूत होत्या. बिल्डमधून वगळलेला कोड सोर्समध्ये शिल्लक असतो, तसं.

विज्ञानकथा मालिकांना नेहमी जहाजं आणि स्फोट यांच्या नावाने ओळखलं जातं. पण टीव्हीचं बजेट जहाजांना कधीच पुरलं नाही. या मालिका उभ्या राहिल्या त्या खोलीत बोलणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यांवर. चांगलं रीमास्टर सर्वांत आधी चेहरे परत देतं, आणि माझ्या मते त्याची पहिली कसोटीही हीच.

नवं रंगकाम

दुसरं भांडण जास्त जुनं आणि जास्त कडवट आहे. २००६मध्ये मूळ 'स्टार ट्रेक'च्या चाळिसाव्या वर्षी निगेटिव्ह साफ करून एचडीत आणताना जहाजांचे आणि ग्रहांचे शॉट नव्याने, संगणकावर बनवले गेले. कारण दिलं गेलं ते खरं होतं: जुने इफेक्ट्स एचडीत फार उघडे पडत होते. एकावर एक फिल्म छापून केलेले ते शॉट बाकीच्या दृश्यांपेक्षा भरड आणि डागाळलेले होते.

याचं सर्वांत गुंतागुंतीचं उदाहरण म्हणजे 'द डूम्सडे मशीन' हा १९६७चा भाग. ग्रहच्या ग्रह गिळत जाणारं एक अजस्र यंत्र. मूळ भागातलं हे यंत्र म्हणजे सिमेंटमध्ये बुडवलेला विमानतळावरचा वाऱ्याचा मोजा, असं कथालेखक नॉर्मन स्पिनरॅड यांनीच गमतीने सांगितलं आहे. उद्ध्वस्त झालेलं 'कॉन्स्टेलेशन' जहाज म्हणजे दुकानात मिळणारं प्लॅस्टिकचं मॉडेल, जाळून-पोळून घेतलेलं. नव्या आवृत्तीत यंत्राला खडकाळ पृष्ठभाग मिळाला, जहाजाभोवती तरंगणारा कचरा मिळाला, आकाराची भीती मिळाली. नुसत्या तुलनेत नवा शॉट सरस आहे.

पण शॉट एकटा नसतो. त्याच्या आधी आणि नंतर काय येतं ते पाहावं लागतं. आपल्या सगळ्या माणसांना गमावलेला कमोडोर डेकर, विल्यम विंडमने केलेला, खुर्चीत कोसळून बसतो, हातातल्या डिस्कशी चाळा करतो, ओरडतो. तो अभिनय रंगमंचावरचा आहे, मोठा, उघडा. त्याच्यामागचा पूल प्लायवूड आणि रंगीत बल्बचा आहे. सॉल कॅप्लनचं संगीत त्या मोज्यालाच राक्षस ठरवून वाजतं. १९६७च्या भागात या सगळ्या गोष्टी एकाच जगातल्या वाटतात: प्रेक्षकाने अर्धं मनाने भरायचं, हा करार सगळ्यांनी मिळून केलेला असतो. नव्या शॉटने एकट्याने तो करार मोडला. तो सगळं दाखवतो. मग पुढच्या शॉटमधलं प्लायवूड जास्तच प्लायवूड वाटायला लागतं.

तरीही या रीमास्टरबद्दल मला राग नाही, कारण २००९च्या ब्लू-रेवर त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. रिमोटचं एक बटण दाबून जुने इफेक्ट्स आणि नवे इफेक्ट्स यांत निवड करता येते. दोन्ही एचडीत, दोन्ही साफ केलेले. वाद मिटला असं नाही. पण वाद घालायला दोन्ही पुरावे समोर ठेवले गेले. आमच्या व्यवसायात याला व्हर्जन कंट्रोल म्हणतात. काहीही बदला, फक्त जुनं परत मिळेल अशी सोय ठेवा आणि काय बदललं ते नोंदवा.

ही सोय नसली की काय होतं, ते ब्रिटिश मालिका 'रेड ड्वार्फ'ने दाखवलं. १९९८मध्ये तिच्या पहिल्या सीझनांतल्या मॉडेलच्या जागी संगणकी जहाज घातलं, व्हिडिओला फिल्मसारखं रूप दिलं. ते संगणकी जहाज दोन-चार वर्षांतच मूळ मॉडेलपेक्षा जुनाट दिसू लागलं. खरं मॉडेल खऱ्या दिव्याखाली उभं असतं, त्यामुळे ते हळू म्हातारं होतं. नवेपणाची फॅशन लवकर म्हातारी होते.

कडेच्या काळ्या पट्ट्या

हा मजकूर फोनवर वाचत असाल, तर हा मुद्दा तुमच्या हातातच आहे. जुना टीव्ही ४:३ होता, जवळपास चौकोनी. फोन आडवा धरला की तो लांबट. त्यामुळे जुनी मालिका मध्ये बसते आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या उरतात. मग आपण दोन बोटांनी चित्र ताणतो आणि पिकार्डचं कपाळ कापलं जातं.

आपण फोनवर करतो तेच काही कंपन्यांनी अधिकृतपणे केलं. 'बॅबिलॉन फाइव्ह'चं (१९९४–९८) उदाहरण सर्वांत दुःखद आहे, कारण तिथे हेतू चांगला होता. भविष्यात टीव्ही रुंद होणार हे ओळखून निर्मात्यांनी माणसांचे प्रसंग रुंद चौकटीचा विचार करून चित्रित केले. पण जहाजांचे शॉट अमिगा संगणक आणि लाइटवेव्ह यांच्या जोरावर बनत होते. टीव्हीवर एवढ्या स्वस्तात एवढं मोठं अंतराळ कुणी दाखवलं नव्हतं, पण ते बनलं ४:३मध्ये आणि त्या काळच्या टीव्हीपुरत्या रेषांतच. पुढे रुंद डीव्हीडी काढताना त्या शॉटचा वरचा-खालचा भाग कापून उरलेलं मोठं करावं लागलं. परिणाम असा, की माणसं बोलत असताना चित्र एकदम अंधूक झालं तर समजायचं, आता काही तरी इफेक्ट येणार. कथेआधी चित्राची प्रतच रहस्य फोडायची.

२०२१ साली आलेल्या रीमास्टरने उलटा निर्णय घेतला: परत ४:३. माणसांचे प्रसंग फिल्मवरून नव्याने स्कॅन केले, संगणकी शॉट जपून मोठे केले. 'रुंद' सोडून दिल्यावर मालिका पहिल्यांदा अखंड दिसली. ११०पैकी ९२ भाग जे. मायकेल स्ट्राझिन्स्की या एकाच माणसाने लिहिलेली, पाच वर्षांची आखीव कादंबरीच ती. अशा कृतीत सलगपणा हा अलंकार नसतो, तो कृतीचा कणा असतो. 'नेक्स्ट जनरेशन'च्या रीमास्टरनेही ४:३ सोडलं नाही, हे त्याचं दुसरं मोठं श्रेय. काळी पट्टी म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे. पुस्तकाच्या पानाला समास असतो तसा तो समास आहे.

अंदाजाने भरलेला चेहरा

आता परत त्या खड्ड्याकडे. 'डीप स्पेस नाइन' आणि 'व्हॉयेजर' यांचीही निगेटिव्ह आहे. अडचण दोन ठिकाणी आहे. एक, नंतरच्या सीझनांत मॉडेलची जागा संगणकी जहाजांनी घेतली. ती जहाजं टीव्हीच्या रेषांपुरतीच रेंडर झाली. स्कॅन करायला फिल्मच नाही. सगळं पुन्हा बनवावं लागेल. दोन, 'नेक्स्ट जनरेशन'चे ब्लू-रे येत होते नेमक्या त्याच वर्षांत लोक डिस्क विकत घ्यायचं सोडून स्ट्रीमिंगकडे वळत होते. एवढा खर्च भरून निघण्याचं गणित मोडलं.

हे काम होऊ शकतं, हे मात्र सिद्ध झालेलं आहे. 'व्हॉट वी लेफ्ट बिहाइंड' या 'डीप स्पेस नाइन'वरच्या माहितीपटासाठी चाहत्यांनी वर्गणी काढली, मागितली त्याच्या कित्येक पट जमवली आणि त्या पैशातून काही प्रसंग निगेटिव्हवरून एचडीत आणले गेले. २०१९मध्ये ते पाहिल्यावर अनेकांना पहिल्यांदा कळलं, की आपण ज्या मालिकेला 'अंधारी' म्हणत होतो, ती अंधारी नव्हती. तिच्या सावल्यांत रंग होते. टेपने ते गिळले होते. समीक्षेच्या दृष्टीने ही साधी गोष्ट नाही. एका मालिकेच्या 'मूड'बद्दल आपण जे बोलत होतो, त्यातला काही भाग तिच्या खराब प्रतीचा मूड होता.

अशा वेळी एआय अपस्केलिंगचा मोह होणं साहजिक आहे. चाहते घरच्या संगणकावर ते करतातही, आणि त्यामागे प्रेमच आहे. पण तंत्र काय करतं ते नीट समजून घेऊ. जी माहिती टेपवर नाही, ती कुठूनही परत येत नाही. मॉडेल लाखो प्रतिमा पाहून अंदाज करतं, की अशा धूसर डागाच्या जागी सहसा काय असतं, आणि ते तिथे रंगवतं. विटा, झाडं, जहाजाचा पत्रा यांवर हे खपून जातं. चेहऱ्यावर नाही. रायकरचं हसू उतरण्याचा तो अर्धा सेकंद 'सहसा' या शब्दात बसत नाही. सरासरी काढणारं यंत्र नेमका तोच क्षण गुळगुळीत करून टाकणार. 'एलियन्स'सारख्या चित्रपटाच्या २०२४च्या ४के आवृत्तीवरही मेणासारख्या चेहऱ्यांची तक्रार झाली. तिथे तर मूळ ३५ मिमी फिल्म हाताशी होती.

सोर्स हरवलेलं बिल्ड डिकंपाइल करता येतं. त्यातून चालणारा कोडही मिळतो. पण नावं, टिपा, लिहिणाऱ्याचा हेतू मिळत नाही. आणि इथे तर सोर्स हरवलेलाही नाही, डब्यात आहे. तो उघडण्याऐवजी अंदाजावर भागवणं ही तांत्रिक मर्यादा नाही, तो निर्णय आहे.

कुणाचं भविष्य धूसर राहतं?

'डीप स्पेस नाइन'मध्ये १९९८चा एक भाग आहे, 'फार बियाँड द स्टार्स'. एव्हरी ब्रूक्सने त्यात काम केलं आणि त्याचं दिग्दर्शनही केलं. १९५०च्या दशकातल्या न्यूयॉर्कमध्ये बेनी रसेल नावाचा कृष्णवर्णीय लेखक विज्ञानकथा मासिकासाठी लिहीत असतो. तो एका अंतराळस्थानकाची कथा लिहितो, ज्याचा प्रमुख कृष्णवर्णीय आहे. सहकाऱ्यांना कथा आवडते. पण मासिकाचा मालक छापलेला संपूर्ण अंकच नष्ट करायला लावतो. शेवटी बेनी कोसळतो: हे भविष्य मी रचलं आहे, ते माझ्या मनात आहे आणि म्हणून ते खरं आहे, हे तो परत परत सांगत राहतो.

बेनीची कथा लिहिलेली असते, टाइप झालेली असते, छापलेली असते. ती नसते ती फक्त वाचकाच्या हातात. 'डीप स्पेस नाइन'ची निगेटिव्ह आज डब्यात आहे, ही परिस्थिती त्याच्या फार जवळ जाते. कुणी दुष्टपणाने अडवलेलं नाही, हिशेबाने अडवलंय. पण परिणाम पाहा. त्या काळातल्या 'ट्रेक' मालिकांपैकी कृष्णवर्णीय नायक असलेली एकमेव मालिका आणि स्त्री कॅप्टन असलेली एकमेव मालिका, नेमक्या याच दोन खड्ड्यात आहेत. आजचा एखादा वीस वर्षांचा प्रेक्षक सगळ्या मालिका चाळतो, जी स्वच्छ दिसते ती पाहतो, जी धूसर दिसते ती पुढे ढकलतो. असं दहा वर्षं चाललं की 'अभिजात' कोणती ते ठरून जातं. समीक्षकांनी ठरवायच्या आधी स्कॅनरने ठरवलेलं असतं.

उलट दिशेचा अपघातही घडतो. 'डॉक्टर हू'ची १९७०ची 'स्पिअरहेड फ्रॉम स्पेस' ही कथा स्टुडिओतल्या संपामुळे संपूर्णपणे बाहेर, १६ मिमी फिल्मवर चित्रित करावी लागली. तेव्हा ती गैरसोय होती. आज मूळ मालिकेतली तेवढीच कथा फिल्मवरून खऱ्या अर्थाने एचडीत आणता आली. तिच्या आगेमागच्या कथा व्हिडिओ टेपवर, आणि साठच्या दशकातले कित्येक भाग तर बीबीसीने टेप पुन्हा वापरण्यासाठी पुसूनच टाकले. काय टिकतं यात गुणवत्तेचा वाटा आपण समजतो त्यापेक्षा खूप कमी असतो.

आपल्याकडे मूळ 'स्टार ट्रेक' ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर आली, 'नेक्स्ट जनरेशन' नव्वदच्या दशकात केबलवर. अमेरिकन प्रसारणाचं चित्र भारतीय पाल पद्धतीत बदलून, अँटेनाच्या मुंग्यांसकट. आमच्या आधीच्या पिढीने ज्यावर जीव लावला, ती प्रतीची प्रतच होती. तरी जीव लागला, हा 'एचडी कशाला हवं?' विचारणाऱ्यांचा आवडता युक्तिवाद. तो अर्धा खरा आहे. वाईट प्रतीतूनही चांगली कृती पोचते. पण पोचते म्हणून तिला कायम वाईट प्रतीतच ठेवावं, हे त्यातून निघत नाही.

म्हणून एखादं रीमास्टर आलं की 'किती के' हा प्रश्न मी शेवटी विचारतो. त्याआधी तीन प्रश्न. ते निगेटिव्हपर्यंत गेलं का? चौकट मूळची ठेवली का? आणि जे बदललं, त्याच्या शेजारी जुनं ठेवलं का? 'नेक्स्ट जनरेशन' पहिल्या दोन प्रश्नांना दणक्यात उतरते. मूळ मालिकेचं ब्लू-रे तिन्ही प्रश्नांना उतरतं. 'डीप स्पेस नाइन'ला अजून हे प्रश्न विचारण्याची वेळच आलेली नाही. तिची रिळं जिथे असतील तिथे थांबली आहेत, आणि फिल्म फार काळ थांबत नाही. तिचे रंग उडत जातात, कुणी डबा उघडो वा न उघडो.